भाव नको, हिशोब मागा

ताई, नमस्कार.

मी नागपूरचा. मानेवाड्याला राहतो, मिहानमधल्या एका कंपनीत सपोर्टला आहे. वय ३१. २०२१च्या दिवाळीत एका ब्लॉकचेन गेममध्ये शिरलो. 'खेळा आणि कमवा' म्हणतात तो प्रकार. आधी पात्रं विकत घ्यायची, रोज लढती खेळायच्या, बक्षीस म्हणून टोकन, म्हणजे गेमचं आभासी नाणं मिळतं, ते विकून रुपये करायचे. मी १ लाख ४० हजार घातले. सुरुवातीला खरंच पैसे आले, ५५ हजारांपर्यंत काढलेही. ते पाहून ऑफिसातले दोघं आले आणि उमरेडचा मावसभाऊ आला. मावसभावाने ८० हजार लावले, माझ्या भरवशावर. तेव्हा मजा होती. आम्ही फुटाळा तलावावर बसून रात्री उशिरापर्यंत खेळायचो.

मग डेव्हलपरांनी बक्षिसं कमी केली. मग आणखी कमी केली. टोकनचा भाव आता तेव्हाच्या दोन टक्क्यांवर आला आहे. यांनी बक्षिसं कमी केली नसती तर आज टोकन वर असतं. आता म्हणतात, जुनी पात्रं बंद होणार, गेमची नवी आवृत्ती येणार, दहा जुनी टोकनं द्या आणि एक नवं घ्या. वर २५ हजारांचा 'फाउंडर पास' काढला आहे. काही विचारलं की गेमच्या ग्रुपमध्ये म्यूट करतात. मी रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडून राहिलो आहे. मागच्या महिन्यात त्यांची कम्युनिटी मॅनेजर, म्हणजे ग्रुप सांभाळणारी मुलगी आहे, तिला मी नको ते बोललो. बायको म्हणते, तुम्ही घरी असून घरी नसता. मावसभाऊ मात्र काहीच म्हणत नाही. 'जाऊ दे न भाऊ' एवढंच. त्याचंच जास्त लागतं.

पास घेऊ का? या लोकांना जाब विचारायचा कसा? आणि भावाला तोंड कसं दाखवू?

(नाव छापू नये.)

नमस्कार.

पासचं उत्तर आधी देते, कारण त्याला काही तरी शेवटची तारीख असणार आणि असे निर्णय शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री बिघडतात. घेऊ नका. २५ हजारांना नाही आणि उद्या 'खास जुन्या खेळाडूंसाठी' अडीच हजारांना दिला तरी नाही. जुन्या पैशांचं काय झालं हे ज्यांनी सांगितलेलं नाही, त्यांच्या हातात नवे पैसे ठेवायचे नसतात. जुनी टोकनं फुकट बदलून मिळत असतील तर बदलून घ्या, त्यात आता जाण्यासारखं काही उरलेलं नाही. फक्त ती कुठल्या लिंकवरून बदलायची हे जपून बघा. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता रागाकडे येऊ. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खोडून काढायचं आहे: 'यांनी बक्षिसं कमी केली नसती तर आज टोकन वर असतं.' तुमचा बहुतेक राग या वाक्यावर उभा आहे, आणि हे वाक्य खरं नाही.

तुमच्या गेमचं नाव मी इथे घेत नाही. पण या प्रकारातला सगळ्यात गाजलेला गेम कोणता आणि त्याचं पुढे काय झालं, हे सगळ्यांसमोर घडलं आहे. व्हिएतनामच्या स्काय मॅव्हिस या कंपनीचा ॲक्सी इन्फिनिटी. तीन ॲक्सी, म्हणजे त्यातली पात्रं, विकत घेतल्याशिवाय त्यात खेळता येत नसे. लढत जिंकली की एसएलपी नावाचं टोकन मिळे. २०२१च्या जुलैत एका एसएलपीचा भाव ३५ सेंटच्या वर गेला होता. फिलिपिन्समध्ये करोनाने रोजगार गेलेली माणसं या गेमवर घर चालवत होती. ज्यांच्याकडे ॲक्सी घ्यायला पैसे नव्हते, ते दुसऱ्याचे ॲक्सी घेऊन खेळत आणि कमाईतला वाटा मालकाला देत. त्यांना 'स्कॉलर' म्हणत. पुढच्या सहा-सात महिन्यांत तोच एसएलपी एक-दोन सेंटवर आला.

असं का झालं, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या गेमची रचना पत्रावरून मला याच जातीची वाटते. लाखो लोक रोज लढत होते, म्हणजे रोज नवं एसएलपी बाजारात येत होतं. ते खर्च व्हायची मोठी जागा एकच होती: दोन ॲक्सींपासून तिसरा जन्माला घालायला एसएलपी लागे. पण तो तिसरा ॲक्सी विकत घेणार कोण? जो अजून गेममध्ये आलेला नाही तो. नवा माणूस येतोय तोवर ॲक्सीला गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाईक आहे तोवर एसएलपीला मागणी आहे. नव्या माणसांचा ओघ आटला, आणि पुरवठा मात्र रोजचा रोज चालूच राहिला. फेब्रुवारी २०२२मध्ये कंपनीने ॲडव्हेंचर मोडमधून (एकट्याने खेळायच्या भागातून) आणि रोजच्या क्वेस्टमधून (ठरवून दिलेल्या कामांतून) मिळणारं एसएलपी बंद केलं. भाव थोडे दिवस वर गेला आणि परत खाली आला. कपात केली म्हणून भाव पडला, असं तिथे झालं नाही. भाव आधीच पडला होता, म्हणून कपात आली. पुढे मार्च २०२२मध्ये त्याच गेमच्या रोनिन ब्रिजवर (गेममध्ये पैसे आणायच्या-काढायच्या पुलावर) मोठी चोरी झाली, ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली, आणि बरेच लोक आजही सगळं खापर त्या चोरीवर फोडतात. पण टोकनची घसरण त्या चोरीच्या कितीतरी आधीची आहे.

आपल्याकडे गल्लोगल्ली भिशी चालते. बारा जणी, दर महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, जिचं नाव निघेल तिच्या हातात चोवीस हजार. ते चोवीस हजार कुठून आले हे त्या बाराही जणींना ठाऊक असतं, आणि म्हणूनच भिशी सरळ असते. तुमच्या हातात आलेले ५५ हजार कुठून आले, असं तुम्हाला तेव्हा कोणी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, खेळून कमावले. तसं नव्हतं. तुमच्यानंतर जे आले, त्यांनी पात्रं घ्यायला जे पैसे घातले, त्यांतले ते होते. तुमच्या भावाचे ८० हजार त्याच वाटेने कोणाच्या तरी खिशात गेले. गेमचा स्वतःचा असा बाहेरून येणारा पैसा, म्हणजे जाहिरातींचा किंवा केवळ मजेसाठी खर्च करणाऱ्या खेळाडूंचा, फारसा नसेल तर एकाची कमाई म्हणजे दुसऱ्याने घातलेले पैसे. दुसरं काही असूच शकत नाही.

म्हणून तुम्ही रात्री दोन वाजता 'भाव वर आणा' असं त्यांना लिहिता, तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात काय मागत असता ते बघा. भाव वर यायचा तर नवी माणसं यायला हवीत. तुम्ही आणखी मावसभाऊ मागत असता. हे तुमच्या मनात नाही, तुमच्या पत्रातून मला अगदी उलट माणूस दिसतो. पण मागणीचा अर्थ हाच होतो, आणि ती ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवशी उमरेडच्या जागी काटोलचा नाही तर भंडाऱ्याचा कोणी तरी ८० हजार घेऊन उभा असेल. ही मागणी सोडून द्या.

याचा अर्थ डेव्हलपर निर्दोष आहेत असा कोणी काढू नये. बक्षिसं कमी करणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. ती आधीच, पहिल्या दिवसापासून कमी असायला हवी होती. त्यांचा खरा दोष असा की दुसऱ्याच्या खिशातून येणारा पैसा त्यांनी 'कमाई' म्हणून दाखवला, महिन्याला किती सुटतील याचे तक्ते फिरू दिले, आणि ज्या दिवशी आकडे उलटे फिरायला लागले त्या दिवशी ते बोलायचं सोडून म्यूटचं बटण वापरायला लागले. एखादा गेम चालला नाही, याचा राग धरता येत नाही. शंभरातले बरेचसे गेम चालत नाहीत. पण लोकांनी पगारातले पैसे घातले असताना गप्प बसणं, वर नवा पास विकायला काढणं, हे मला संतापजनक वाटतं आणि त्याबद्दल त्यांना जाब विचारायलाच हवा. फक्त जाब हिशोबाचा विचारा.

तो कसा, ते सांगते. तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी पतपेढी बुडाल्यावर ठेवीदाराच्या हातात नसते: ब्लॉकचेन ही व्यवहारांची उघडी नोंदवही असते, तिच्यावरचे व्यवहार कोणालाही बघता येतात. गेमचा व्हाइटपेपर, म्हणजे योजना मांडणारा कंपनीचा कागद शोधा, जुनी प्रत मिळाली तर उत्तम, कारण हे कागद मागाहून बदलले जातात. त्यात एक तक्ता असतो: एकूण टोकनांपैकी किती टीमला, किती गुंतवणूकदारांना, किती खजिन्यात, आणि कोणाची टोकनं कोणत्या महिन्यात मोकळी होणार. मग ज्या ब्लॉकचेनवर गेम आहे तिचा ब्लॉक एक्सप्लोरर, म्हणजे तिचे व्यवहार दाखवणारं संकेतस्थळ उघडा आणि टीमच्या व खजिन्याच्या वॉलेटमधून (टोकनं ठेवायच्या डिजिटल पाकिटातून) काय बाहेर गेलं ते तारखांसकट उतरवून घ्या. टीमची टोकनं ठरल्याआधी एक्स्चेंजला, म्हणजे विकायच्या बाजारात गेली का? बक्षीसकपातीची घोषणा होण्याच्या आधीच्या आठवड्यात काही मोठी विक्री झाली का? खजिन्यात आज काय आहे, आणि त्यातलं किती स्वतःच्याच पडलेल्या टोकनमध्ये आहे? तुम्ही सपोर्टचं काम करता, लॉग वाचणं तुमच्या रोजच्या कामातलं आहे. भांडणात जातात त्यातल्या चार रात्री यात घाला. कदाचित असं दिसेल की टीमने एकही टोकन विकलेलं नाही, खजिना रिकामा झाला आहे आणि उरलेली पाच-सहा माणसं गेम कसाबसा चालवत आहेत. कदाचित याच्या अगदी उलट दिसेल. दोन्हींत तुमचा राग योग्य जागी जाईल.

एक लक्षात ठेवा: वॉलेट कोणाचं आहे हे कंपनीने स्वतः जाहीर केलेलं असेल तरच ते कंपनीचं म्हणा. अंदाजावरून एखाद्या माणसाचं नाव घेऊन 'याने विकलं' असं चारचौघांत लिहू नका.

हे हातात आलं की एकच पत्र लिहा. ग्रुपमध्ये नाही, कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, आणि ज्या गुंतवणूकदार फंडांची नावं ते आपल्या संकेतस्थळावर अभिमानाने मिरवतात, त्यांना प्रत. तुमच्यासारखे आणखी दहा-पंधरा जण सह्या करायला तयार असतील तर फारच चांगलं. विचारायचं एवढंच: खजिन्यात आज काय आहे आणि त्यावर गेम किती महिने चालेल, टीमने आपली किती टोकनं विकली, दहाला एक हा बदलाचा दर कशाच्या आधारावर ठरला, आणि पासच्या पैशांतून नवी आवृत्ती आली नाही तर ते परत मिळणार का. तक्रार नको, विशेषणं नकोत, आई-बहीण तर नकोच नको. उत्तरासाठी एक तारीख द्या. ती उलटून गेली आणि उत्तर आलं नाही तर पुढचं स्मरणपत्र पाठवू नका, तुमचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असेल. मग उरलेलं जे काही विकलं जाईल ते विका आणि बाहेर पडा.

रोनिनच्या चोरीतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. चोरी २३ मार्चला झाली. कंपनीच्या लक्षात आली २९ मार्चला, तीही एका वापरकर्त्याला आपले पैसे काढता येईनात म्हणून. पैसे बाहेर काढायला मंजुरी देणाऱ्या नऊपैकी पाच चाव्या चोरांच्या हाती लागल्या होत्या आणि सहा दिवस तिजोरीकडे कोणी पाहिलं नव्हतं. पुढे त्या कंपनीने नवं भांडवल उभं करून लोकांचे पैसे भरून दिले, हेही सांगायला हवं. पण एवढ्या मोठ्या, गाजलेल्या कंपनीत हे होऊ शकतं, तर तुमच्या गेमच्या लोकांना 'तिजोरी दाखवा' म्हणणं हा उद्धटपणा नाही. तो खेळाडूंचा हक्क आहे.

कायद्याचं थोडक्यात. नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. कागदावर वाट आहे. पण कंपनी बहुधा परदेशी असणार, तिचं इथे कार्यालय नसणार, नोटीस घ्यायलाच कोणी नसणार. शिवाय 'हा माणूस ग्राहक नव्हे, नफ्यासाठी आला होता' हा मुद्दा समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढेल. माझं मत विचाराल तर १ लाख ४० हजारांसाठी यात दोन-तीन वर्षं घालू नका. हां, पैसे काढणं बंद करून त्याच वेळी टीम आपली टोकनं विकून टाकत होती, असा पुरावा सापडला तर गोष्ट फसवणुकीची होते. मग १९३०वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा, आणि व्यवहारांचे हॅश (ओळख क्रमांक), वॉलेटचे पत्ते, घोषणांचे स्क्रीनशॉट तारखेसह जोडा. नुसता भाव पडला ही फसवणूक नव्हे, तिथे पोलीस काही करू शकणार नाहीत.

कराकडे मात्र दुर्लक्ष करू नका. १ एप्रिल २०२२पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर उपकर. आणि यातला तोटा दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. म्हणजे एका टोकनवर कमावलं आणि दुसऱ्यावर गमावलं तर कमाईवर कर आहेच. हे मला अन्यायाचं वाटतं, पण नियम तोच आहे. जुलै २०२२पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो, त्यामुळे तुमचे व्यवहार प्राप्तिकर खात्याला दिसत असतात. तुम्ही काढलेल्या पैशांपैकी काही विवरणपत्रात दाखवायचे राहून गेले असतील, तर एखाद्या सीएकडे सगळे कागद घेऊन जा. वाढीव कर भरून मागचं दुरुस्त करायची सोय आहे, पण तिलाही मुदत आहे. मावसभावालाही हे सांगा, त्याला बहुधा माहीत नसेल.

आणखी एक. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पैसे देऊन घेतलेली टोकनं आणि कॉइनही त्यात पैशांसारखीच धरली आहेत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे. तुमचा गेम त्या व्याख्येत बसतो का, हे वकील सांगेल. तोवर रेफरल लिंक, म्हणजे दुसऱ्याला गेममध्ये आणायची लिंक कोणालाही पाठवू नका, जुनी कुठे टाकून ठेवली असेल तर काढून टाका.

लिंकवरून आठवलं. गेम बदलायच्या काळात खोट्या लिंकांचा सुळसुळाट होतो. 'इथे वॉलेट जोडा, जुनी टोकनं बदलून घ्या' असा मेसेज ग्रुपमधल्याच ओळखीच्या नावाने येईल. त्याहून वाईट ते, जे तुमचं रडगाणं वाचून खाजगीत येतात: भाऊ, तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त सीड फ्रेज द्या, किंवा आधी थोडी फी भरा. सीड फ्रेज म्हणजे वॉलेट उघडणारे बारा किंवा चोवीस शब्द, ते जगात कोणालाही द्यायचे नाहीत, कंपनीच्या माणसालाही नाही. गेम सोडताना वॉलेटमधून गेमला दिलेल्या जुन्या परवानग्या रद्द करा, नाही तर त्या वॉलेटमध्ये पुढे काही ठेवाल ते उघड्यावर राहील.

आता तुमच्या भावाबद्दल. तुमच्या तिन्ही प्रश्नांतला हाच मला खरा वाटला, बाकीचे दोन पैशांचे होते.

'जाऊ दे न भाऊ' म्हणणाऱ्या माणसाने विषय संपवलेला नसतो. तो तुम्हाला अवघडवू नये म्हणून तसं म्हणतो. मावशीला हे ८० हजार माहीत आहेत का? ते त्याच्या साठवणीतले होते की कोणाकडून घेतलेले? हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटतं, पत्रात तुम्ही गेमच्या प्रत्येक अपडेटबद्दल लिहिलं आहे आणि भावाबद्दल चारच ओळी. या रविवारी उमरेडला जा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. जाताना एक कागद न्या: त्याने किती घातले, त्याला किती मिळाले, आज त्याच्या पात्रांचं आणि टोकनांचं काय येईल. आकडा लहान असेल, तसाच सांगा. 'नवी आवृत्ती आली की निघतील' असं म्हणू नका. ही आशा त्याला दिलीत तर तो तुमच्यामुळे दुसऱ्यांदा अडकेल.

आणि एक गोष्ट, जी पत्रात नाही. त्याला गेममध्ये आणल्याबद्दल तुम्हाला रेफरलचं काही मिळालं होतं का? या गेममध्ये बहुधा मिळतं. मिळालं असेल तर ती रक्कम तुमची नाही. त्याच्यासमोर सांगा आणि परत करा, ऑफिसातल्या दोघांचीही.

संपूर्ण ८० हजार भरून द्यायला हवेत का? माझ्या मते नाही. तोही कमावता, कळता माणूस आहे, त्याने आपल्या बुद्धीने निर्णय घेतला आणि पहिल्या काही महिन्यांत त्यालाही आवडलंच असणार. पण तुम्ही ५५ हजार काढून झाल्यावर तो आला, ते बघूनच आला, आणि तुमच्या शब्दावर आला. म्हणून त्याच्या तोट्यातला काही भाग तुम्ही उचलावा असं मला वाटतं. निम्मा उचललात तर चांगलं. पगारातून महिन्याला दोन-तीन हजार जातील एवढंच ठरवा, कर्ज काढून एकरकमी दानशूरपणा नको. तो नको म्हणेल. तरी पहिला हप्ता पाठवा. आणि हे सगळं त्याला सांगायच्या आधी घरी बायकोला सांगा, कारण ते पैसे तिच्याही घरातले आहेत. एकूण किती घातले, किती आले, किती गेले हा आकडा तिला आजवर तुमच्या तोंडून पूर्ण कळला आहे का, मला शंका आहे. 'घरी असून घरी नसता' या तक्रारीत मला नुसता मोबाइलचा राग ऐकू येत नाही. आपल्याला काही तरी सांगितलं जात नाहीये, हेही तिला कळतंय.

ऑफिसातल्या दोघांना तोच कागद दाखवा, त्यांना तेवढं पुरे.

ग्रुपमधून कधी निघायचं? पुरावे उतरवून झाले, पत्र गेलं, की त्याच दिवशी. उत्तर ईमेलवर येईल, त्यासाठी ग्रुपमध्ये बसून राहायला नको. सुरुवातीचे काही दिवस हात आपोआप फोनकडे जाईल, झोप लागणार नाही. महिनाभरानेही तीच गत राहिली, रात्री डोकं थांबलं नाही, तर टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६वर बोला. तो सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फुटाळ्यावरचं ते खेळणं तुम्हाला खरंच आवडत होतं, असं पत्रातून दिसतं. ज्यांच्याबरोबर ते आवडत होतं ते तिघं अजून नागपुरातच आणि जवळच आहेत, आणि मोबाइलवर टोकनशिवायचे गेम भरपूर आहेत.

राहिली ती कम्युनिटी मॅनेजर. या कामावर कंपन्या बहुधा कमी पगाराची तरुण मुलं-मुली ठेवतात, काही ठिकाणी तर जुने खेळाडूच फुकट करतात. बक्षीस किती द्यायचं, टोकन कधी विकायचं, यातला एकही निर्णय तिचा नाही. तिच्याकडेही कदाचित तेच पडलेलं टोकन आहे. तुम्ही स्वतः सपोर्टला आहात, दुसऱ्याच्या चुकीसाठी समोरच्या माणसाने आपल्याला झापलं की कसं वाटतं हे मी तुम्हाला सांगायला नको. ग्रुप सोडण्याआधी तिला माफीचा मेसेज पाठवा. दोन ओळी पुरेत. त्यात टोकनचा, बक्षिसांचा, म्यूटचा उल्लेख करू नका.